खाटेच्या जागेवरचं कपाट

"खाट जरा पुढं ओढता येईल का?" मी विचारलं.

"मग त्यांना उचलावं लागेल, मिस्त्री," वैशालीवहिनी म्हणाल्या. "आत्ताच पुसूनबिसून, कपडे बदलून झोपवलंय. वरूनच घ्या ना माप."

खाटेवर जिभाऊ होते, वहिनींचे सासरे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवं अंग गेलं ते गेलंच. जीभ जड झालेली. सगळं कळायचं, पण बोलायला गेले की एखादाच शब्द कसाबसा बाहेर पडायचा. माणूस मूळचा गवंडी. सिडकोचं हे दोन खोल्यांचं घर त्यांनी घेतलं आणि मागच्या बाजूला ही तिसरी खोली स्वतःच्या हातानं बांधली. त्या खोलीच्या टोकाला भिंत आत घेऊन त्यांनी एक खण काढला होता, साडेसहा फूट लांब आणि अडीच फूट खोल. त्यात त्यांची खाट अगदी मापात बसली होती. डावा हात भिंतीकडं, तोंड खोलीकडं.

आमचे वडील सांगायचे, रंगनाथ, मोजताना कुणाची भीड धरायची नाही. जावई बसलेला असला तरी म्हणायचं, पावणं, उठा जरा. भीड ही भिकेची बहीण. हे मी तीस वर्षं पाळलं आणि नेमकं त्या घरात मोडलं. आजारी माणसाला कुठं हलवायचं, म्हणून खाटेवरून वाकलो, छातीच्या उंचीला टेप धरला आणि साडेसहा फूट लिहून घेतलं. खाली, खाटेच्या मागं, टेप घातलाच नाही.

मी वाकलो तेव्हा जिभाऊंचा चेहरा माझ्या पोटाशी होता. ते काहीतरी म्हणाले.

"काय म्हणता, जिभाऊ?"

"मोज," ते म्हणाले. मग बराच वेळ ओठ हलले आणि पुन्हा तोच शब्द आला. "मोज."

"मोजतोय, मोजतोय," मी म्हणालो. मला वाटलं, म्हातारा चिडून बोलतोय. मोज बाबा, घे माझी जागा मोजून, असं. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

कपाट करायचं ठरलं होतं ते उगीच हौस म्हणून नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. त्या घराची दशा मी पाहिलीय. वहिनी शिवणकाम करायच्या. गळ्यात कायम शिवणाची फीत आणि मशीनभोवती गिऱ्हाइकांच्या कापडांची गाठोडी. गाद्या-गोधड्या दारामागं रचलेल्या, त्यावर लोखंडी पेटी आणि पेटीवर पिठाचा डबा. घरातले कपडे पोत्यांत भरलेले. एक सदरा काढायचा तर चार पोती उपसायची. मुलगी तेजल नववीत. ती स्वयंपाकाच्या ओट्यावर वही ठेवून उभ्यानं अभ्यास करायची आणि कुकरची शिट्टी झाली की वही बाजूला घ्यायची.

"पुढच्या वर्षी दहावी आहे तिची," वहिनी म्हणाल्या. "बसायला जागा नाही पोरीला. घर कसलं, गोदाम झालंय."

माझी एक पद्धत होती. कागदावर काढलेलं गिऱ्हाइकाला समजत नाही. ते नुसतं हो-हो म्हणतं आणि कपाट आलं की म्हणतं, असं कुठं सांगितलं होतं. म्हणून मी भिंतीवरच पेन्सिलीनं पूर्ण मापाचं कपाट काढायचो. प्रत्येक खणात काय राहणार तेही लिहायचो आणि वरच्या कोपऱ्यात काम कधी देणार ते. तसं मी जिभाऊंच्या खाटेच्या कडेवर पाय ठेवून मागच्या भिंतीवर काढलं. जमिनीपासून छतापर्यंत. अगदी वर माळा, तिथं लिहिलं 'दिवाळीची भांडी'. डावीकडं 'वैशाली', त्याखाली 'प्रमोद'. उजवीकडं 'तेजल – पुस्तकं', आणि त्याच्या दाराचीच एक फळी, खाली पाडली की टेबल होणारी. सगळ्यात खाली दोन मोठे ड्रॉवर, 'गाद्या-गोधड्या'. ते ड्रॉवर जिभाऊंच्या अंथरुणामागं येत होते, म्हणून तिथं रेघ मारता आली नाही. नुसता बाण काढला खाली. कोपऱ्यात लिहिलं, 'पाडवा'.

जिभाऊंचा मुलगा प्रमोद खैरनार सातपूरच्या कारखान्यातून पहिली पाळी संपवून आला. डबा ठेवला आणि भिंतीकडं बघत उभा राहिला.

"फर्स्टक्लास," तो म्हणाला. "टेबलाचं डोकं भारी लावलं, मिस्त्री."

"ते ठीक आहे," मी म्हणालो. "पण ही खाट कुठं न्यायची? बाहेरच्या खोलीत तर दार उघडायला जागा नाही."

प्रमोदनं बायकोकडं पाहिलं. वहिनी मशीनवर बसल्या आणि सुईत दोरा घालायला लागल्या.

"जिभाऊंना गावी ठेवतोय," प्रमोद म्हणाला. "कळवणला, धाकट्या काकांकडं. मोकळी हवा आहे तिकडं. गोठ्याशेजारी एक खोली रिकामीच आहे."

हे सगळं त्या माणसाच्या डोक्यावर उभं राहून चाललं होतं, बरं का. गावी ठेवतोय म्हणे, जसं काही ते सामान होतं.

"काका करतील सगळं?" मी विचारलं. "हागणंमुतणं म्हणजे..."

"बघतील," प्रमोद म्हणाला.

"मी दोन वर्षं बघितलं," वहिनी मशीनवरून म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "दिवसातून चार वेळा. सख्खा भाऊ वारला तेव्हा माहेरी एक रात्र राहिले नाही, कारण यांना कोण फिरवणार. पाठीला जखम झाली तर सगळे मलाच विचारतील. आता करू देत दुसऱ्यांनी थोडे दिवस."

माझ्याही घरात माणसं होती. मी टेप गुंडाळला, वही खिशात घातली आणि निघालो. जाताना खाटेकडं पाहिलं, तर जिभाऊ माझ्याकडं बघत नव्हते. मान डावीकडं वळवून भिंत बघत होते, एकेका खणात काय लिहिलंय ते वाचत असल्यासारखे.

वर्कशॉपला आलो तर कानावर पेन्सिल नव्हती. लाल, चपटी, सुताराची पेन्सिल. कुठं पडली असेल असं म्हणत मी दुसरी छिलली.

पंधरा दिवसांनी प्रमोदचा फोन आला. मी प्लाय कापत होतो.

"मिस्त्री, एकदा येऊन जाल का? जिभाऊ सारखं तुम्हाला बोलावताहेत."

"मला? कशाला?"

"काय कळत नाही हो. मिस्त्री म्हणतात आणि भिंतीकडं हात करतात. जेवायला बसवलं की मिस्त्री, पाणी पाजलं की मिस्त्री. डोकं पिकलंय आमचं."

मला वाटलं, मला कळलंय म्हातारा काय म्हणणार. तो हात जोडणार, डावा एकटाच हात उजव्या लुळ्या हाताला जोडणार आणि म्हणणार, नको करू कपाट. आणि मी काय सांगू? प्लाय आणलेला, अर्धा कापलेला. मी म्हणालो, "प्रमोदभाऊ, आता फार गडबड आहे. पाडव्याला येतोच ना मी."

"बरं," तो म्हणाला. त्यालाही बरंच वाटलं असावं.

आठवड्यानं पुन्हा फोन आला, तो मी उचललाच नाही. भेकड माणूस मी. आता सांगायला काय जातंय.

पाडव्याच्या दिवशी सकाळीच टेम्पो घेऊन पोचलो. दोन कामगार होते बरोबर. दारावर गुढी उभी, गाठी आणि कडुलिंबाचा डहाळा लावलेला. आत गेलो तर मागची खोली केवढी मोठी दिसत होती. खण रिकामा. चार दिवसांपूर्वी जिभाऊंना नेलं होतं, खाटेसकट, कारण गावी जास्तीची खाट नव्हती. जमिनीवर खाटेच्या चार पायांचे चार गोल डाग होते. भिंतीवर वर माझं कपाट तसंच, 'वैशाली', 'प्रमोद', 'तेजल – पुस्तकं'.

"प्रमोदभाऊ?"

"कामावर," वहिनी म्हणाल्या. "सुट्टी नाही दिली. तुम्ही करा सुरू, मी चहा ठेवते."

खालचा सांगाडा आधी बसवायचा म्हणून आम्ही तिघांनी तो आत सरकवला. जाईना. वर अगदी बरोबर आणि खाली अडलेला. मी टेप घातला. खाली भिंत एक इंचानं आत होती. छातीच्या उंचीला साडेसहा फूट, जमिनीशी सहा पाच. जुन्या बांधकामात पायापाशी गिलावा जाड असतो. हे मला कळायला हवं होतं. खाट ओढली असती तर तेव्हाच कळलं असतं.

"बाहेर घ्या, तासावं लागेल," मी पोरांना म्हणालो. ती सांगाडा घेऊन अंगणात गेली. मी खाली बसून नीट माप घ्यायला वाकलो तेव्हा ते दिसलं.

जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, जिथं जिभाऊंचं अंथरूण भिंतीला टेकायचं, तिथं पेन्सिलीच्या रेघा होत्या. आधी मला वाटलं माझ्याच. मग लक्षात आलं की मला तिथं हातच घालता आला नव्हता.

ताटाएवढं चित्र होतं. रेघा वाकड्या, डाव्या हातानं, पडल्या पडल्या मारलेल्या. पण कोपरे कोपऱ्याला मिळालेले. हाच खण होता आणि त्यात कपाट होतं, माझंच कपाट. माळा तसाच, 'वैशाली', 'प्रमोद', 'तेजल', तीच नावं त्याच जागी लिहिलेली, अक्षरं मोडकी. फरक एवढाच की कपाट जमिनीपर्यंत येत नव्हतं. सव्वाचार फुटांवर थांबत होतं. टेबलाची फळी खणाच्या बाहेर, बाजूच्या भिंतीला टेकवलेली. गाद्यांचे ड्रॉवर खाली, अगदी जमिनीशी, त्यांना चाकं काढलेली. आणि कपाट व ड्रॉवर यांच्यामध्ये एक लांबट पेटी, सहा फूट बाय अडीच. तिच्या पायथ्याशी एक छोटा चौकोन होता आणि त्यात लिहिलं होतं 'भांडं'. म्हणजे वहिनींना संडासचं भांडं घेऊन प्रत्येक वेळी मोरीपर्यंत धावायला नको, तिथंच सरकवून ठेवता यावं.

सगळ्या मापांचे आकडे घातले होते. खालची रुंदी सहा पाच लिहिली होती. बरोबर. त्या माणसानं ही भिंत वीट-वीट करून रचली होती, त्याला टेप लागला नाही.

लांबट पेटीच्या मध्ये एकच अक्षर होतं. 'मी'.

जमिनीवर, भिंतीच्या कडेला, माझी लाल पेन्सिल पडली होती. नखाएवढी उरलेली.

तेव्हा मला कळलं की तो माणूस मला पहिल्या दिवशी चिडून काही बोलत नव्हता. खाली मोज म्हणत होता. आणि नंतर महिनाभर तो मला हात जोडायला बोलवत नव्हता. मिस्त्रीनं मिस्त्रीला बोलवावं तसं बोलवत होता. कपाटाला त्याची ना नव्हती. त्याच्या नातीला टेबल मिळत होतं, सुनेला कप्पे मिळत होते, आणि त्यातूनही अडीच फूट जागा त्यानं स्वतःसाठी शोधून काढली होती. त्याला फक्त दोन बोटं चित्रावर ठेवून दाखवायचं होतं. मी फोन उचलला नाही.

मागं कपबशी वाजली. वहिनी चहा घेऊन उभ्या होत्या. त्या माझ्या खांद्यावरून भिंतीकडं बघत होत्या. गळ्यात फीत होती, सणाच्या दिवशीसुद्धा.

त्यांनी चहा खाली ठेवला.

"जिभाऊंनी काढलंय," मी म्हणालो.

"हं," त्या म्हणाल्या.

अंगणात पोरं रंधा मारत होती.

"मिस्त्री," वहिनींनी विचारलं, "हे बसलं असतं का?"

आता बघा, हा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला असता तर मी टेप न काढता उत्तर दिलं असतं. वहिनींसाठी मी टेप काढला. उंची घेतली, खोली घेतली, सव्वाचार फुटांखाली बसलेल्या माणसाचं डोकं लागेल का ते पाहिलं, टेबलाच्या फळीसाठी बाजूची भिंत मोजली. सुताचा फरक नव्हता. माझा सांगाडा मधून कापायचा, ड्रॉवरना चाकं लावायची, बस. दोन दिवसांचं काम. तिसऱ्या दिवशी कळवणहून माणूस परत.

पण माझ्या डोळ्यांपुढं काय आलं माहितीय? अंगणातलं माझं तयार कपाट. त्याच्यावरची सागाच्या रंगाची सनमायका, जिचा एक तुकडाही मी शिल्लक ठेवला नव्हता. टेम्पोवाला घाई करत होता. पोरांना दुपारी घरी सण होता. आणि ते न उचललेले फोन. बसतं म्हणालो असतो तर प्रमोदनं पहिलं हेच विचारलं असतं, मग मिस्त्री, तेव्हा का नाही आलात?

"नाही वहिनी," मी म्हणालो. "नसतं बसलं. दोन इंच कमी पडताहेत."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी पदर खांद्यावरून घेतला आणि एक मोठा श्वास सोडला.

"मग लावा," त्या म्हणाल्या.

दुपारपर्यंत कपाट उभं राहिलं. तासलेल्या बाजूला मी पट्टी ठोकली. तेजल बाहेरून आली आणि टेबलाची फळी तीनदा उघडून मिटून बघितली. मग तिनं गणिताचं पुस्तक आणून नुसतंच तिच्यावर ठेवलं. वहिनींनी कपाटाला हळदकुंकू लावलं आणि आम्हाला श्रीखंडाच्या वाट्या दिल्या. मी खाल्लं. सगळं खाल्लं.

आठव्या दिवशी जिभाऊ गेले. काकांकडून फोन आला तेव्हा मीही ऐकलं, कारण सिडकोत अशी बातमी चार घरं ओलांडून वर्कशॉपला पोचायला वेळ लागत नाही. पाठीची जखम चिघळली म्हणाले, दोन दिवस ताप होता. कुणी म्हणालं, सुटले बिचारे. मीही मान हलवली.

महिनाभरानं प्रमोदचा निरोप आला की खालचा ड्रॉवर घासतोय. घासणारच. माप चुकलेलं होतं. यावेळी टाळलं नाही, रंधा घेऊन गेलो. घरी वहिनी एकट्याच. मशीन आता त्या खोलीत खिडकीशी आलं होतं. पोती गेली होती, पेटी गेली होती. खोलीत चालता येत होतं. माझंच काम, पण मला तिकडं बघवेना. मी ड्रॉवर बाहेर काढून कड तासायला बसलो आणि मागं मशीन चालू राहिलं.

मग मशीन थांबलं.

"मिस्त्री, त्या दिवशी तुम्ही दोन इंच म्हणालात."

माझा हात थांबला. "हो."

"मी मोजलं होतं." त्या खाली बघून बोलत होत्या, हातात कुणाचा तरी अर्धा शिवलेला ब्लाऊज. "जिभाऊंना नेलं ना, त्याच दुपारी. इतके दिवस गोधडीआड होतं, केर काढायला वाकले तेव्हा दिसलं. पेन्सिलही तशीच ठेवली. ही फीत घेऊन सगळं मोजलं मी. दोनदा मोजलं. बसत होतं."

मी रंधा खाली ठेवला.

"चार दिवस कुणालाच सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "ह्यांनाही नाही. म्हटलं, मिस्त्री येतील, त्यांना विचारू. ते बसतं म्हणाले तर आणायचं जिभाऊंना परत. देवाशपथ आणलं असतं. त्यांनी ते भांड्याचं काढलं होतं ना, ते बघून मला..." त्या थांबल्या. "आणि तुम्ही नाही म्हणालात. मला माहीत होतं तुम्ही खोटं बोलताय. आणि मला एवढं हलकं वाटलं, मिस्त्री. एवढं हलकं."

त्यांना रडू आलं नाही. मलाही आलं नाही. येतं तर बरं झालं असतं.

"का खोटं बोललात ते नाही विचारत मी," वहिनी म्हणाल्या. "तुम्हीपण मला विचारू नका."

त्यांनी ब्लाऊज पुन्हा सुईखाली घातला आणि मशीन सुरू केलं. मी उरलेली कड तासली, मेण फिरवलं आणि ड्रॉवर खाली बसवला. हातानं ढकलला तो अलगद आत गेला आणि मागच्या भिंतीला टेकला.

एकोणीस वर्षं झाली. ते कपाट अजून तिथंच आहे.